तात्या बँकेला कसाला लावतात

आमच्या घरात आई आणि तात्या एकमेकांशी बोलत नसत. यावरून त्यांचं भांडण होतं असं कुणी समजू नये. तात्या माझे थोरले चुलते. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, आवाज करायचा नाही, आणि बोलायची वेळ आलीच तर पोराच्या तोंडून बोलायचं, ही आमच्याकडची रीत. तात्यांची बायको फार लवकर गेली, त्यांना मूलबाळ नव्हतं, माझ्या पाठीवरही कुणी झालं नाही. म्हणजे घरात पोर एकच, मी. तात्या सोप्यात घोंगड्यावर, आई आत चुलीपाशी आणि मधल्या उंबऱ्यावर मी. "मंगे, तात्यास्नी म्हणावं, भाकरी गार हुतीया." हे तात्यांना लख्ख ऐकू गेलेलं असे, तरी ते भिंतीकडे बघत बसत. मग मी म्हणायचं, "तात्या, भाकरी गार हुतीया." मग तात्या म्हणायचे, "तुझ्या आयला म्हणावं, आलो." आणि मी आत तोंड करून सांगायचं, "आलं म्हणत्यात." मी तापानं पडले तर दोघं मांजराला सांगत. मांजर काही पोचवत नसे, पण कामं होत.

या येरझारीत मी थोडी दलालीही खात असे. आईनं "गूळ सपलाय म्हणावं" असं सांगितलं की मी तात्यांना "गूळ आन शेंगदाणंबी सपल्यात" असं सांगायची. तात्या शेंगदाणे आणायचे, आई काही बोलायची नाही आणि माझा खिसा भरायचा. मधल्या माणसाचं पोट कसं चालतं हे मला कुणी शाळेत शिकवलेलं नाही.

आमचं गाव आटपाडीकडच्या कोरड्या माळावर. कडेगावकडे ऊस पिकायचा, आष्ट्याकडे हळद पिकायची, आमच्याकडे माणसं पिकायची आणि ती बाहेर पाठवावी लागायची. बहुतेक घरांतला कर्ता माणूस गलाईच्या धंद्यात होता. मोडीचे दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून त्यातली खोट काढायची आणि चोख सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं, हा तो धंदा. त्यासाठी आमच्या गावची माणसं पार बंगालपासून केरळापर्यंत गेलेली. शेजारच्या गावाचा रस्ता न विचारता सांगता येणार नाही अशा बायका आमच्याकडे कलकत्ता, मद्रास, त्रिचूर अशी नावं बाजारातल्या भाजीसारखी घ्यायच्या. माझे वडील, आण्णा, कोइमतूरला होते. त्याआधी तिथलं दुकान तात्या चालवत. तेजाबाच्या धुरानं त्यांची छाती धरली, कोरडा खोकला लागला, आणि धाकट्या भावाच्या हाती दुकान देऊन ते घरी आले. आले ते धंद्याची सगळी सोवळीओवळी बरोबर घेऊनच. त्यांतलं पहिलं सोवळं म्हणजे मिसळायचं नाही. पांडूचं सोनं पांडूला, गोंदाचं गोंदाला. प्रत्येकाची सोनं वितळवायची मूस निराळी, प्रत्येकाची खूण निराळी. एकाच्या मुशीत दुसऱ्याचा कण पडला तर दुकान उठलं म्हणून समजा. तात्या ताटातसुद्धा कालवणात भाकरी चुरत नसत. भाकरी निराळी, कालवण निराळं, पोटात गेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे.

आण्णांचे पैसे येत ते येणाऱ्या माणसाच्या हाती. कुणी गावाकडे निघाला की त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, धोतराच्या ओच्यात, एकदा तर पायातल्या पट्टीत बांधून, आणि तो बिचारा लंगडत आला म्हणून गावभर हळहळ. पैसे तात्यांच्या हातात पडत आणि तात्यांच्या लोखंडी ट्रंकेत जात. त्या ट्रंकेवर घोंगडं अंथरून तात्या बसत, झोपत आणि खोकत. ट्रंकेत पैसे जाताना सगळ्यांनी पाहिले होते, बाहेर येताना क्वचितच कुणी पाहिले असतील. तात्या खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. स्वतःवर त्यांनी कधी दिडकी खर्चली नाही. फक्त पैसा खर्च करायचा असतो ही गोष्ट त्यांना पटलेली नव्हती.

आण्णा वर्षातून एकदा जत्रेला येत. येताना कॉफीची पूड आणत. आमच्या गल्लीत कॉफी होणारं ते एकच घर. आई ती गुळात उकळायची आणि शेजारची तानूमावशी नाक धरून कपभर पिऊन जायची. एकदा आण्णांनी इडलीचं भांडं आणलं. आईनं त्यात ज्वारीच्या इडल्या केल्या. त्या कुत्र्यानंही वास घेऊन सोडल्या, आणि भांड्यात पुढे खुडूक कोंबडी बसवली. आण्णांचं आल्यानंतरचं पहिलं धुणं आई घरीच पितळी घमेल्यात करायची आणि पाणी हळूहळू ओतून तळाशी सोन्याचा कण सापडतो का बघायची. कण कधी सापडला नाही. सदऱ्याला तेजाबानं पडलेली भोकं मात्र सापडत. जेवायला बसले की आण्णा भात मागायचे. "व्हय" म्हणायचं असलं की मान अशी आडवी हलवायचे की आई वाढलेलं परत उचलायची. दरवर्षी आठ-दहा दिवस आईला ह्या नव्या माणसाची ओळख करून घेण्यात जात, आणि ओळख पटते न पटते तोवर त्यांची गाडी निघायची.

मी नववीत होते तेव्हाची ही गोष्ट. दहावी झाली की माझं लग्न, असं तात्यांनी ठरवलं होतं. हुबळीला दुकान असलेला मुलगाही त्यांनी हेरला होता. आण्णांना मला सांगलीला कॉलेजात घालायचं होतं, पण थोरल्या भावापुढे त्यांचा आवाज माझ्या आईहून फार मोठा नव्हता. आणि आई? एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मंगे, तू शीक. माज्यावानी दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची पाळी तुज्यावर यायला नगं." थापणारे हात थांबले नव्हते, आवाजही चढला नव्हता. पण आजही तव्यावर भाकरी टाकली की मला ते वाक्य ऐकू येतं.

त्याच वर्षीच्या जत्रेत गावात बँक आली. परमुलखातून आलेला पैसा ट्रंकांत आणि कणगीत पडून आहे याचा वास बँकेला लागला असावा. चावडीशेजारच्या खोलीला चुना मारला, जाळीचं काउंटर बसवलं आणि कोकणातून बदली होऊन आलेले सामंतसाहेब तिथे येऊन बसले. भला माणूस. मासे नाहीत म्हणून सुकत चालला होता. शाखा तूर्त तात्पुरती आहे, गावानं ठेवी ठेवल्या तर राहील, नाहीतर दुसरीकडे हलेल, असं ते ज्याला त्याला सांगत. आण्णांनी जायच्या आधी आईच्या नावावर खातं काढलं. घरखर्चाचे पैसे पूर्वीसारखे तात्यांकडे येतील, पण मंगलच्या शिक्षणाचे निराळे, दरमहा, थेट आईच्या खात्यात.

त्या दिवशी उंबऱ्यावरची माझी वाहतूक फार वाढली.

"तुझ्या बाला म्हणावं, घरात मी जिता हाय." आण्णा तिथेच बसले होते, पण तात्या रागावले की सगळ्यांशीच माझ्यामार्फत बोलत.

"दादा, तुमच्यावर इस्वास न्हाई म्हणून पैसा बँकंत टाकतुया असं न्हाई," आण्णा म्हणाले.

"मंगे, तात्यास्नी म्हणावं, ट्रंकंला कुलूप हाय, तसं बँकंलाबी हाय," आई आतून म्हणाली.

तात्या बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "बरं. पर मी त्या बँकंचा आदी कस लावणार. माल कसाला उतरला तर खातं ऱ्हाऊ दे, पोरगी सांगलीला जाऊ दे, माजी ना न्हाई. न्हाई उतरला, तर पैसा ट्रंकंत आन पोरगी हुबळीला." आण्णांनी मान आडवी हलवली. ते हो म्हणाले की नाही हे कुणालाच कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते कोइमतूरला गेले.

कस लावायचा म्हणजे तात्यांनी काय केलं, तर ट्रंकेतून एक कोरी नोट काढली, तेलात बोट बुडवून कुंकवाचा ठसा तिच्या कोपऱ्यावर उठवला, देवापुढे ठेवली, आणि स्वतःच्या नावाचं खातं काढून ती बँकेत ठेवली. आठवड्यानं मला बरोबर घेऊन ते ती परत आणायला गेले. सामंतसाहेबांनी हसतमुखानं जाळीखालून नोट सरकवली. तात्यांनी ती पालथी केली, उजेडात धरली, मलाही दाखवली. कुंकू नव्हतं.

"माजी नोट?"

"हीच की तात्या. तेवढ्याचीच आहे."

"केवढ्याची ते न्हाई इचारलं. माजी नोट कुठं हाय?"

"ती आता गेली असेल कुणाकडे तरी. अहो, सगळ्यांचे पैसे एकत्रच असतात."

तात्यांनी काउंटरची जाळी धरली. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "समद्यांचं?" ते हळूच म्हणाले. "एकाच मुशीत?"

सामंतसाहेबांना मूस म्हणजे काय हे माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हो, त्यात काय एवढं?"

शहरातल्या वाचकाला हसू येईल. येऊ द्यावं, मलाही येतं. पण गावातल्या निम्म्या घरांची इभ्रत ज्या एका नियमावर उभी होती, तो नियम बँक उघड उघड, दिवसाढवळ्या आणि हसतमुखानं मोडत होती. तात्यांनी हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यातला एकही जण हसला नाही. हल्ली माझा मुलगा परदेशातून पैसे पाठवतो. मी इथे साताऱ्यात भाजी चिरत असते आणि फोन टिंग करतो, एवढाच काय तो पैसा. नोटच नाही, तर कुंकू कुठे लावणार? तात्या असते तर त्यांनी फोनलाच लावलं असतं.

बाजारचा दिवस उजाडला. गावात तेव्हा गिरणी नव्हती. दळण डोक्यावर घेऊन बायका दोन कोसांवरच्या गावी जायच्या आणि ऊन तापायच्या आत परतायच्या. आई, मी आणि तानूमावशी दळून परत येत होतो, तर चावडीपुढे ही गर्दी. बँकेच्या पायरीवर तात्या उभे, आणि दारात पैसे काढायला आलेल्यांची झुंबड. पहिल्या काही जणांना मिळाले, मग सामंतसाहेब घामाघूम होऊन बाहेर आले. आज एवढी रोकड इथे नाही, उद्या आटपाडीहून मागवतो, म्हणाले. 

"इथं न्हाई? मग आमचं पैसं हायती कुठं?" कुणीतरी ओरडलं.

सामंतसाहेबांच्या स्वभावात खोटं नव्हतं, हेच त्या दिवशी नडलं. ते म्हणाले, "बँक ते कर्जाऊ देते. तुमच्या ठेवीतले काही कडेगावकडे उसाच्या इंजिनांना गेले असतील."

"ऐका!" तात्यांचा आवाज खोकल्यातूनही चढला. "आमची पोरं तेजाबात फुप्फुसं जाळत्यात, आन भिजतुया कडेगावचा ऊस! आन आपल्याला माघारी काय, तर दुसऱ्याची नोट! काढा रं, समदं काढा!"

तानूमावशीनं डबा तिथेच आपटला आणि रांगेत घुसायला निघाली. मी आईकडे पाहिलं. शाखा हलली की आईचं खातं हलणार, बँक तात्यांच्या कसाला उतरली नाही असं ठरणार, पैसा पुन्हा ट्रंकेत आणि मी हुबळीला. हे सगळं तिच्या तोंडावर एकदम आलेलं मला दिसलं. तिनं पदर पुढे ओढला, आणि सवयीनं म्हणाली, "मंगे, तात्यास्नी म्हणावं..."

पुढे एवढी पुरुषमाणसं. मी तानूमावशीनं आपटलेला डबा सरळ करायला वाकले. आईनं वाट पाहिली. मग डोक्यावरचा पिठाचा डबा खाली ठेवला, पदर होता तिथेच ठेवला, आणि म्हणाली, "आवं तात्या."

चावडीपुढची सगळी झुंबड बँकेकडे पाठ करून आईकडे वळली. बँक बुडाल्यापेक्षा हे मोठं होतं.

"आवं तात्या, ह्या तानीनं परवा माज्याकडनं वाटीभर पीठ उसनं न्हेलं. काल माघारी दिलं. त्ये माजंच पीठ हुतं व्हय?"

तात्या आभाळाकडे बघत म्हणाले, "मंगे, तुझ्या आयला म्हणावं..."

"तिला नगं. मला सांगा."

तात्यांनी आभाळातून नजर काढली नाही, पण उत्तर दिलं. "पिठाचं निराळं हाय. पीठ खाऊन सपतं."

"आन पैसा काय देव्हाऱ्यात पुजायला हाय? आमी बायका उसनं देताना पीठ बगत न्हाई तात्या, वाटी बगतो. वाटी भरून आली, म्हंजे माजं मला पोचलं."

"शिगोशीग दिली हुती मी!" रांगेतून तानूमावशी ओरडली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"शीग न्हवती तानी, पर त्ये ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. बायका खुसखुसल्या, आणि त्या हसण्यानं आईला जोर आला असावा. "तुमी म्हणता, दिली तीच माघारी याय पायजे. मी नवरा धाडलाय कोइमतूरला. भाकरी खाणारा गेला, भात मागणारा आला. हो म्हणायला मान आडवी हालवतू. दर जत्रंला निराळाच बाप्या दारात हुबा ऱ्हातुया! मी काय कुंकवाची खूण बगत बसते व्हय? घरात घेते." 

आता बायकाच नाही, पुरुषही हसत होते. आई हसत नव्हती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आन तुमीबी, तात्या. तुमी गेलासा तवा तुमचा आवाज माळापातुर जायाचा, सासूबाई सांगायच्या. आलासा त्यो खोकला घिऊन. सासूबाईंनी तुमास्नी माघारी लावलं का?"

तात्या पायरीवर बसले. मग म्हणाले, तेही माझ्याकडे बघून, "पर कडेगावच्या उसाला का?"

"ह्ये मातुर तात्यांचं खरं हाय, सायेब," आई झटकन सामंतसाहेबांकडे वळली. "उसनं द्यायचंच हाय तर आदी शेजारी द्यावं, मग गावाभायेर."

"बाई, इथे आजवर कर्ज मागायला कुणी आलंच नाही," सामंतसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. हे खरंच होतं. कर्ज काढणं ही आमच्या गावात नाक कापून घेण्याची गोष्ट होती.

आईनं पिठाच्या डब्यावर हात ठेवला. "गिरणी पायजे."

सगळ्या बायकांनी एकदमच कालवा केला. दोन कोस, डोक्यावर दळण, परत यायला उशीर झाला की घरी बोलणी. गिरणी पायजेच. सामंतसाहेबांनी विचारलं, चालवणार कोण? घरात रिकामा, वजनातलं कळणारा आणि कुणाच्या चिमूटभर पिठाला हात न लावणारा माणूस पाहिजे. असा माणूस गावात एकच होता, आणि तो पायरीवर बसला होता. सगळ्यांची नजर तिकडे गेली. तात्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण खोकल्यानं उठू दिलं नाही.

त्या दिवशी काही जणांनी पैसे काढलेच. तानूमावशीनंही दुसऱ्या दिवशी काढले, आणि दिवे लागायच्या आत पुन्हा नेऊन ठेवले, कारण घरात नवऱ्याच्या भावाची नजर होती. पण शाखा हलली नाही. आणि तिनं आमच्या गावात दिलेलं पहिलं कर्ज ज्याच्या नावावर आहे, तो माणूस म्हणजे बँक बुडवायला निघालेले आमचे तात्या. सही करून त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला. "कसाला उतरली म्हणावं," ते मला म्हणाले. "तुझ्या आयला सांग." आई माझ्या मागेच उभी होती.

दिवाळीच्या सुमाराला गिरणी सुरू झाली. डिझेलचं इंजिन, वर धुराड्याला अडकवलेला डबा, आणि त्याचा पुक-पुक-पुक असा आवाज माळापर्यंत जायचा. तात्यांचा आवाज गेला तो गेला, पण गिरणीचा आला. ते नाकाला पंचा बांधून, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन काट्यापाशी बसत. आता गिरणीचं असं असतं की आधी बाजरी दळली आणि मग गहू घातला, की गव्हाच्या पहिल्या ओंजळीत बाजरी उतरतेच. बायका कुरकुरायच्या. "तात्या, माज्या गव्हात तानीची बाजरी आली की वो." आणि तात्या, जन्मभर भाकरी कालवणात न चुरलेले तात्या, पंच्याआडून म्हणायचे, "एकाच मुशीतनं निघायचं ते, बाय. काटा भरला न्हवं?"

परवा पुण्याहून माझ्या मावसबहिणीची मुलगी आली होती. अर्थशास्त्र शिकते. बाहेरगावी गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशामुळे मागास भागात बँका कशा वाढतात, असा तिचा विषय आहे. आज आमच्या गावात बँका आहेत, पतसंस्था आहेत, भिंतीतून पैसे काढायचं यंत्र आहे. तिनं मला विचारलं, मावशी, सुरुवात कशी झाली? मी म्हटलं, पिठाच्या वाटीनं. तिनं ते लिहून घेतलं नाही. कसं घेणार, तिच्या तक्त्यात वाटीला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी मी दहावी झाले आणि सांगलीला निघाले. एस.टी. यायच्या आधी तात्यांनी मला गिरणीत नेलं आणि धान्याच्या काट्यावर उभं केलं. वजन पाहिलं, मान हलवली. मग ओच्यातून एक नोट काढली. कोपऱ्यावर कुंकू. मला वाटलं, आता "जपून ठेव" म्हणतील. तर म्हणाले, "हीच माघारी आणायचा हट्ट न्हाई. खर्च." आणि एकदम वळून इंजिनात काहीतरी शोधू लागले. ती नोट मी सांगलीला उतरल्या उतरल्या मोडली आणि भडंग घेतलं. वसतिगृहाच्या खोलीत सगळ्या मुलींना पुरलं आणि त्यावर माझ्या पहिल्या मैत्रिणी झाल्या. वसतिगृहाची मेस वाईट होती. डाळीत तोंड दिसायचं. सगळ्या मुली आतल्या आत धुसफुसायच्या, पण मेसवाल्याच्या पुढ्यात जायला कुणी धजेना, तेव्हा एक दिवस मीच गेले.

दिवाळीला घरी आले. एस.टी.तून उतरताच गिरणीची पुक-पुक ऐकू आली, आणि जवळ गेले तसा तिच्याही वर चढलेला दोन माणसांच्या भांडणाचा आवाज. मी दारात थबकले. आत आई आणि तात्या होते.

"आवं, पट्टा ढिला झालाय म्हणून कवाधरनं सांगतीया मी!"

"तुला काय कळतंय गं पट्ट्यातलं?"

"तुमास्नी कळतंय तर मग सुटला कसा?"

मधला माणूस सांगलीला निघून गेल्यावर त्या दोघांपुढे दुसरा इलाज राहिला नव्हता. मांजरही त्या पावसाळ्यात कुठेतरी निघून गेलं होतं. आईचा पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. मला पाहून दोघं एकदम गप्प झाली, चोरी पकडल्यासारखी. मग तात्यांनी पोतं बाजूला सारलं आणि बोटानं काटा दाखवला. मी चपला काढून उभी राहिले.

तात्यांनी वाकून पाहिलं. "घट हाय," ते म्हणाले.

"बगा की वो!" आई कळवळली. "पोटाला घालत न्हाईत का पोरीला?"

मी सांगितलं, डाळ पाणचट असते, पण आता जरा बरी झाली आहे. मेसवाल्याशी भांडले मी.

"कुणाच्या तोंडानं?" तात्यांनी विचारलं.

"माज्याच की."

तात्यांनी तोंडावरचा पंचा सोडला. पांढऱ्याधोप चेहऱ्यात तेवढं तोंड तांबूस दिसत होतं. ते माझ्याशी बोलले नाहीत. सरळ आईकडे बघून म्हणाले, "मग घट यायचीच. तेजाबातनं काढल्यावर वजन उतरतं. सोनं घटत न्हाई."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि डोळ्यात पीठ गेलं म्हणाली. मी काट्यावर उभीच होते, दोघांच्या मध्ये, माझ्या रोजच्या जागेवर. इकडून तिकडे पोचवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"उतर की आता," आई म्हणाली. "तानीचं पोतं खोळंबलंय."